तीनपानी महाळुंग

"झाड जागेवरच आहे, पण ते माझं नाही," मास्तर फोनवर म्हणाले. प्रवासाच्या शिणाने म्हातारा बरळतोय, असं फौजदारांना वाटलं.

मास्तर सात महिने मुलीकडे राहून आदल्या संध्याकाळीच परतले होते. फौजदारांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी गल्लीत कुणाची सायकल हलली तरी बोलावणं त्यांनाच यायचं, आणि ते त्यांना आवडायचंही. काठी टेकत ते शेजारच्या परसात गेले. मागोमाग त्यांची बायकोही आली.

मास्तरांनी अकरा वर्षं एका मोठ्या कुंडीत बोटांचं महाळुंग वाढवलं होतं. फळ पिवळंधमक, हाताच्या पंजासारखं. आत ना रस ना बी, नुसता वास. आता तिथे गुडघ्याच्या वर आलेलं काटेरी झुडूप उभं होतं. एकेका देठावर तीन-तीन पानं.

"माझ्या झाडाचं पान एकेकटं होतं," मास्तर म्हणाले. "कुणीतरी झाड बदललंय."

परसाच्या दाराच्या किल्ल्या दोन. एक माळ्याकडे, एक फौजदारांच्या घरी. फौजदारांना तेवढं पुरलं. त्यांनी माळ्याला बोलावलं. चार शेजारी आपसूक जमले.

"किल्ली तुझ्याकडे असते?"

"असते. पण मधले दोन महिने मी आईच्या दुखण्यासाठी बाहेरगावी होतो."

"तेव्हा कोण बघत होतं झाडाकडे?"

माळ्याने मान खाली घातली. "ते विचारू नका, साहेब."

"कुणाला विकलंस?"

"विकलं नाही."

"मग बोलत का नाहीस?"

तो बोललाच नाही. तीस वर्षांच्या नोकरीत फौजदारांचा एक आडाखा होता, गप्प बसतो त्यानेच खाल्लेलं असतं. त्यांनी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं, खिसे उलटे करायला लावले. दुपारपर्यंत गल्लीतल्या सहाही घरांनी माळ्याचं काम बंद केलं.

चार वाजता ते रीतसर टिपण करायला पुन्हा परसात आले. कुंडी कुठून उचलली असेल ते बघावं म्हणून त्यांनी ती हलवून पाहिली. ती हलेना. तळाच्या भोकातून बोटभर जाडीची मुळं जमिनीत उतरली होती. मातीवरचं जुनं शेवाळ कुठेही फाटलेलं नव्हतं.

ही कुंडी कुणी रिकामी केलेलीच नव्हती.

काटे बाजूला सारून त्यांनी बुंध्याशी पाहिलं. मधोमध अंगठ्याएवढा वाळका खुंट, वरून कापलेला. काप दातेरी होता. माळ्याची कातर लोण्यातून गेल्यासारखी जायची. असे दात पावाच्या सुरीचे. तसली सुरी त्यांच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती.

फौजदार काठी टेकत उठले. मग घरी गेले.

बायको पलंगाच्या कडेला बसली होती, जणू वाटच बघत.

"तो नसताना झाड त्याने तुझ्यावर सोपवलं होतं?"

"हो."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"बोलणारच होते," ती म्हणाली. "तुम्ही आधी ओरडलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच माणसांना त्याच परसात बोलावलं. माळी दाराशीच थांबला.

"झाड बदललेलं नाही," फौजदार म्हणाले. "मास्तर, तुम्हीच मला सांगितलं होतंत की कलम रानटी झाडाच्या बुंध्यावर बांधतात. हे तीनपानी झुडूप म्हणजे ते रानटी झाड. वरचं महाळुंग वाळलं, खालून हे फुटलं. माझ्या बायकोने वाळलेलं कापून टाकलं. हिरवी फूट दिसली, झाड जगलं असं तिला वाटलं. माळी परतला तेव्हा त्याने तिला खरं सांगितलं. मास्तरांना मी स्वतः सांगेन, तोवर कुठे बोलू नकोस, असं ती म्हणाली. त्याने शब्द दिला, आणि काल माझ्यासमोर पाळला."

बायको पुढे येऊन म्हणाली, "चूक माझी आहे, भाऊजी."

"पण ते वाळलं कशाने?" मास्तरांनी विचारलं.

फौजदारांना हे वगळता आलं असतं. बायकोने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पाण्यावाचून. मी खुब्याचं हाड मोडून पडलो होतो. किल्ली घेऊन ही दोनदा निघाली. दोन्ही वेळा मी अडवलं. झाडं काही मरत नाहीत, तू इथे बस, असं म्हणालो मी, आणि विसरूनही गेलो." त्यांना मान वर करवेना. "चोरी झालेली नाही. चुकीचं काही केलं असेल तर ते मी. झाडाच्या बाबतीत, आणि या माणसाच्याही."

मास्तर पुढे झाले. कुंडीजवळ जाऊन त्यांनी त्या वाळक्या खुंटावर बोट ठेवलं.

फौजदारांनी माळ्यापुढे हात जोडले. त्याने ते खाली करायला सांगितले नाहीत.

"इथे चौघांनी ऐकलं, साहेब," तो म्हणाला. "मला सहा घरांनी काढलंय."

फौजदार निघाले. त्यांनी कोपऱ्यावरच्या पहिल्या घराची घंटा वाजवली. घरच्या बाईंनी हसतमुखाने दार उघडलं.

"काय फौजदारसाहेब, माळ्याने कबूल केलं का?"

"नाही," ते म्हणाले. "मीच करायला आलोय."