मागे घेतलेल्या चाली

हे ताईने मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तपशील तेच, शब्दाचाही फरक नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवलाय. कारण यात तिचीच नाचक्की आहे, आणि स्वतःची नाचक्की होईल असं खोटं कोणी रचत नाही.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. घडलं ते तिथेच, मागच्या वर्षी एका शनिवारी. भर दुपारी.

तिचे काका घड्याळं दुरुस्त करायचे. बुद्धिबळ तिला त्यांनीच शिकवलं. ती नोकरीला लागल्यावर ते रोज चार वाजता दुकानातून फोन करायचे. ते तोंडाने चाल सांगणार, ती तोंडाने उत्तर देणार. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत आठ-दहा चाली व्हायच्या.

पुढे लॅबमध्ये काम वाढलं. डोकं चालेना, आणि काकांना नाही म्हणवेना. मग तिने ऑर्डरी नोंदवायच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर टाकलं. काकांची चाल त्यात भरायची, ते सुचवेल ती चाल फोनवर सांगायची.

काका हरायला लागले.

"तू माझ्या हाताबाहेर गेलीस गं," म्हणायचे. आधी कौतुकाने. नंतर हळू आवाजात.

मग एक दिवस फोन बंद झाले. चार महिन्यांनी काका झोपेतच गेले.

दिवस झाल्यावर काकूने त्यांच्या वह्या ताईला दिल्या. प्रत्येक डाव तारखेसकट लिहिलेला. ताईच्या सॉफ्टवेअरमध्ये नामांकित खेळाडूंच्या शैली होत्या, निवडाल त्याच्यासारखं ते खेळायचं. कोणाचेही डाव भरले, तर त्याचीही नक्कल करायचं. ताईने तीन आठवडे खपून काकांचे तीनशे चाळीस डाव भरले.

त्या शनिवारी लॅब लवकर सुटली. ती एकटीच थांबली आणि डाव मांडला.

पहिल्या चाली अगदी काकांच्या. उंट लवकर बाहेर, वजीर घरात. ताईला हसू आलं, डोळेही भरले. पण नक्कल ती नक्कल. उत्तर सेकंदात यायचं. काका एवढे घाईचे कधीच नव्हते.

चौदाव्या चालीला ते थांबलं.

एक मिनिट... दोन मिनिटं...

कॉम्प्युटर अडकला असेल, म्हणून तिने माउस हलवला. बाण हलत होता.

मग तिला टिकटिक ऐकू आली.

एका घड्याळाची नाही. दहा-पंधरा घड्याळांची, प्रत्येक आपल्या लयीत... काकांचा फोन आला की त्यांच्या आवाजामागे यायची, तशी.

लॅबमध्ये भिंतीवर एकही घड्याळ नाही.

तिने मागे वळून पाहिलं. ओळीने मांडलेले दातांचे साचे. कोणी नाही.

पडद्याकडे वळली, तर तिथे एक चौकट आली होती.

'प्रतिस्पर्ध्याला चाल मागे घ्यायची आहे. होय की नाही?'

ही विनंती माणूस माणसाशी खेळत असेल तरच येते. कॉम्प्युटर कधी चाल मागे मागत नाही.

आणि काकांनीही जन्मात एकदाच मागितली होती. शेवटच्या फोनवर.

"अगं, वजीर चुकून तिथे ठेवला. एक चाल मागे घेऊ का?"

समोर मशीनने सुचवलेली चाल तयार होती, साहेब हाका मारत होते. ती म्हणाली, "नाही काका. नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ताईने 'होय' दाबलं.

चाल मागे गेली. टिकटिकीतलं एक घड्याळ थांबलं.

चौकट पुन्हा आली. तिने पुन्हा 'होय' दाबलं. आणखी एक घड्याळ कमी झालं... आणखी एक...

सगळी प्यादी घरात परतेपर्यंत ती 'होय' दाबत राहिली. शेवटचं घड्याळ थांबलं तेव्हा लॅबमध्ये इतकी शांतता होती, की तिला स्वतःचा श्वास दुसऱ्याचा वाटला.

ती थेट काकूकडे गेली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलली. "काकू, शेवटचे अकरा डाव मी खेळलेच नव्हते. कॉम्प्युटर खेळत होता."

काकूने गॅस बंद केला.

"डोकं दगा देतंय म्हणाले. लोकांची घड्याळं बिघडवीन म्हणून दुकान बंद केलं. रोज सकाळी मला तारीख सांगायचे, बरोबर आहे का बघायला. रोज बरोबर असायची. तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही."

"काकू, मी..."

"मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगायचं होतंस."

सोमवारी ताईने डावांची फाइल उघडली. बहुतेक डाव जसेच्या तसे होते. काही डावांत मात्र तारीख होती, नावं होती, निकाल होता... चाल एकही नव्हती.

कुठले डाव, ते तिला न मोजताच कळलं. तरी तिने मोजले.

बारा होते.

बारावा तीन वर्षांपूर्वीचा. काकांना तिने हरवलं तो पहिलाच डाव. त्या दिवशी दुकानात येईल त्याला काका सांगत होते, पोरीने मला हरवलं म्हणून.

"तेव्हा एकदाच इंटरनेटवर चाल बघितली होती," ताई मला फोनवर म्हणाली. "एका चालीपुरतं. मी ते विसरूनही गेले होते. आणि ते काकांना काय, कोणालाच माहीत नव्हतं."

मी म्हणालो, फाइल बिघडली असेल.

"असेल," ती म्हणाली.

मग मी विचारलं, "ताई, तू खरंच विसरली होतीस?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने हा विषय काढलेला नाही. आणि मी विचारायला नको होतं, असं मला अजून वाटतं.