नोएल मामाचा ओंडका

"हात लावू नका, तो बाहेर येतोय," रोझानची मैत्रीण ट्रूडी कुजबुजली.

तिघांची डोकी ओंडक्यावर एकमेकांना आपटली. सालीत मुगाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. एका बाजूनं सपाट, दुसरीकडून गोल. त्यातून हिरवंगार, चकचकीत तोंड डोकावत होतं. रोझाननं तो लगेच ओळखला. शाळेच्या भिंतीवर वर्षभर ज्याचं चित्र टांगलेलं होतं तोच हा किडा! त्याच्या अळ्या सालीखाली राहून झाडाच्या रसाची वाट तोडायच्या आणि दोन-चार वर्षांत ॲशचं उभं झाड वाळवून टाकायच्या.

रोझानच्या मावसभावानं, क्लेमनं, मुरांब्याची रिकामी बरणी भोकावर उपडी धरली. किडा आरामात बाहेर आला आणि काचेवर चढायला लागला. क्लेमनं झाकण लावलं, तेव्हा कुठे तिघांनी श्वास सोडला.

ओंडका आदल्या दिवशीच आला होता. नोएल मामा, म्हणजे रोझानच्या फिलोमीन आजीचा भाचा, न्यू हॅम्पशायरला कामाला होता. संत ॲनच्या सणासाठी गाडीत घालून त्यानं तो थेट आजीच्या अंगणात आणला. सरळसोट, एकही गाठ नसलेला विकप, म्हणजे ज्याच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात तो ॲश. टोपल्या विणणाऱ्या बाईला याहून मोठा मान नाही. सणाच्या दिवशी सगळ्या मूळनिवासी वस्तीसमोर तो कुऱ्हाडीच्या माथ्यानं ठोकायचा, त्याच्या पट्ट्या सुटायच्या आणि मामाची कॉलर ताठ व्हायची, असा बेत होता. सणाला अजून दहा दिवस होते.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीतलं आजीचं अंगण आठवलं की रोझानला आजही टोपल्यांत विणायला वाळत घातलेल्या गोडगवताचा वास येतो. ओसरीत त्याच्या वेण्या टांगलेल्या असायच्या, बायका गुडघ्यात टोपली धरून विणायच्या आणि एकमेकींच्या नवऱ्यांची यथेच्छ टिंगल करायच्या. आणि अंगणापलीकडे हाकेच्या अंतरावर आजीच्या वडिलांची दलदल होती. तिथले विकप त्यांनी राखले, मग आजीनं राखले. एक जरी किडा तिकडे उडाला असता, तरी सगळं संपलं असतं.

रोझान बरणी घेऊन मामाकडे पळाली. मामा हसला. लाकडात किडे नसतील तर काय मासे असतील, म्हणाला. मग ती आजीकडे गेली. आजीनं बरणी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. पण ती एवढंच बोलली, "आणलेल्या ओंडक्याला नावं ठेवत नाहीत, बाळा. माझ्या आईनं कधी ठेवली नाहीत, मी कशी ठेवू? वनखात्याच्या आयरीनला निरोप धाडते. तिलाच बघू दे."

पण आयरीन बाई नदीवर कुठेतरी वरच्या अंगाला गेल्या होत्या, उद्याशिवाय येणार नव्हत्या. आणि ओंडका तर भर उन्हात पडला होता, त्या उबेनं आणखी किडे बाहेर आले असते!

ट्रूडीनं सालीवरून इंचाइंचानं बोट फिरवलं. दुसरं भोक नव्हतं. पण एके ठिकाणी कान लावल्यावर तिला आतून कुरकुर ऐकू आली, निदान ती तसं शपथेवर सांगत होती.

"नावं ठेवायची नाहीत ना?" क्लेम म्हणाला. "मग कौतुक करू."

त्यानं दोरीवरची आजीची चादर ओढली आणि तिघांनी ती ओंडक्याला घट्ट गुंडाळून बांधली. मामा ओरडतच आला. क्लेमनं तोंड अगदी भोळं केलं.

"मामा, असा ओंडका अख्ख्या वस्तीत कुणी पाहिला नाही. म्हणून झाकला. उन्हानं तडकला तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"की नोएलला झाड पारखता येतं, सांभाळता येत नाही. जुनी माणसं ओंडका पाण्यात बुडवून ठेवायची म्हणे. पण फार जड आहे. तुला नाही झेपायचा."

मामा हरभऱ्याच्या झाडावर सरसर चढला. चादरीसकट त्यानं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं तिघांनी धरलं आणि वरात ओढ्यावर निघाली. मामानंच दगड बांधले, मामानंच ओंडका तळाशी बसवला. वर पुन्हा पोरांना, लाकूड कसं सांभाळावं, याचं व्याख्यान दिलं. रोझाननं ते मान डोलावत ऐकलं. पोटातलं हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी आयरीन बाईंनी बरणी पाहताच अंगणात ओंडका शोधला. ओंडका कुठे आहे, हे कळल्यावर त्यांनी हात जोडले. बुडालेल्या सालीतून किडा बाहेर पडू शकत नाही, आतल्या अळ्याही गुदमरून मरतात. तो हिवाळाभर तिथेच राहू दे, म्हणाल्या. ते ऐकून मामाचं तोंड एवढंसं झालं. आपण मान आणला नव्हता, मरण आणलं होतं, हे त्याला तेव्हा उमगलं.

"ओंडका चांगलाच आहे, नोएल," आजी म्हणाली. "साल तेवढी वाईट."

वसंतात ओंडका वर काढला. साल सोलून जाळली. तिच्या आत अळ्यांच्या वेड्यावाकड्या वाटा होत्या आणि मेलेल्या अळ्या. खालचं लाकूड मात्र शाबूत निघालं. मामानं ते स्वतः ठोकलं. पहिली पट्टी सुटली तेव्हा आजीनं तिन्ही पोरांना वस्तीसमोर उभं केलं.

"माझ्या बापानं मला दलदल दिली," ती म्हणाली. "या पोरांनी मला वर्षं दिली."

मिळाली ती नेमकी काही वर्षंच. पुढे कुणाच्या तरी शेकोटीच्या लाकडांतून किडा आलाच. पण तोवर आजीनं एकही शरद वाया घालवला नव्हता. दर वर्षी पोरांना दलदलीत नेऊन ती विकपचं बी गोळा करायची, त्याच्या पिशव्या आयरीन बाईंच्या थंड खोलीत रचून ठेवायची. हे बी हट्टी, उगवायला दोन दोन वर्षं घेतं. आजी त्याला लाडानं शिव्या द्यायची.

आज दलदलीतले जुने विकप सांगाड्यासारखे उभे आहेत आणि आजी नाही. रोझानला तिकडे गेलं की भरून येतं. पण आजीच्या बियांतून रोझानच्या वाफ्यात उगवलेली रोपं आता गुडघ्याएवढी झाली आहेत.