अडीचच्या जीपमधले शेवट

कोणता सिनेमा पाहावा हे लोक मला अजूनही विचारतात. विचारू नका. एवढ्यात मी तीन पाहिले आणि तिन्हींबद्दल माझी तक्रार आहे.

पहिला पोलिसाचा. मारामारी बरी आहे, पण आवाज इतका मोठा की कानाला दडे बसतात. दुसरा दोन भावांचा. धाकट्याचं काम करणारा पोरगा चांगला आहे, पण शेतकरी दाखवला आहे आणि सदऱ्याला इस्त्री. पिकाला पाणी देताना कोणी पांढरी चप्पल घालतं का? तिसरा दवाखान्याचा. त्याचं शेवटी सांगतो.

खरं म्हणजे लोकांनी विचारायचं ते माझ्या बायकोला, शकुनला. आमचा मळा अकोल्याहून दर्यापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलं घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात यायचं, माल विकायचा आणि बाजार चांगला झाला तर बाराचा खेळ पाहायचा. तीस वर्षं आम्ही असंच केलं. पण अडीचला कुंदनची जीप सुटायची, पूर्वी त्याच्या बापाची. ती चुकली तर संध्याकाळची फुलांची तोड राहायची आणि दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायला फुलं नसायची. त्यामुळे शेवटची वीस-पंचवीस मिनिटं बाकी असताना आम्ही उठायचो. तीस वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट आम्ही पाहिला नाही.

शेवट शकुन सांगायची. जीपमध्ये बसली की सुरू. सगळी जीप ऐकायची. सिनेमा कोणताही असो, तिचा शेवट एकच. जो गेला असेल, हरवला असेल, गोळी लागून पडला असेल, तो घरी येतो. दाराबाहेरच्या टाकीतून पाणी घेतो, पाय धुतो आणि विचारतो, "भाकर हाये का?" संपलं.

"वहिनी, मी पायला ना तो," एखादा म्हणायचा. "हिरो मरते तिथं."

"तुमच्या थेटरात मेला असन. आमच्यात नाई मेला."

"बरं, भाकर मागितली. मंग?"

"मंग काय बाप्पा? गाव आलं ना. उतरा."

लोक हसायचे. त्याच्या पुढचं तिनं कधी सांगितलं नाही.

ती साथीच्या दुसऱ्या लाटेत गेली. अकोल्यात खाट मिळाली नाही म्हणून तिला अमरावतीला नेलं. मला पण ताप होता, मला घरात कोंडून ठेवलं. मुलगा गजेंद्र दवाखान्याच्या गेटापर्यंत गेला. त्याला लांबून एक बांधलेली पिशवी दाखवली आणि सही घेतली. तोंड दाखवलं नाही. कोणालाच दाखवत नव्हते म्हणतात. राख आली. मी विचारलं, कशावरून हीच? तर सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मीच काही वेडंवाकडं बोललो. वेडंवाकडं त्यांनी केलं होतं. चाळीस वर्षांचा संसार आणि शेवट दुसऱ्यानं येऊन सांगायचा, "शांतपणे गेली." कोणी पाहिलं?

असो. गजेंद्र अकोल्याला बियाण्याच्या दुकानात आहे. मळा आता दुसऱ्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिला आहे आणि मी मळ्यातल्या घरात एकटा राहतो. गजेंद्रचं म्हणणं, घराला कुलूप लावा आणि अकोल्याला या. मी म्हणायचो, येतो. पण येत नव्हतो. कोणी आलं आणि दार बंद असलं तर? हे मी त्याला सांगितलं नव्हतं. नुसतं दिवाळी होऊ दे म्हणायचो.

थिएटर परत सुरू झालं तरी मी पुष्कळ दिवस गेलो नाही. मग एकदा बाजारात काम होतं, बाराचा खेळ लागला होता, गेलो. तोडीची घाई नव्हती. कुंदन आता पाचला दुसरी फेरी मारतो. त्यामुळे पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसलो.

पोलिसाच्या सिनेमाचा शेवट चांगला होता. त्याला छातीत गोळी लागते, बायको रडते. मग सकाळ होते आणि तो घरी येतो. त्याची पाठ दिसते. टाकीतून पाणी घेतो, पाय धुतो, बायकोला विचारतो. काय विचारतो ते ऐकू आलं नाही, कारण तेव्हाच दिवे लागले.

जीपमध्ये मी सांगितलं, शेवट चांगला आहे, पाहून घ्या. कुंदननं गाडी चालवता चालवता आरशात पाहिलं.

"काकाजी, तो मरते ना?"

"मरते कुठं? घरी येते."

"मी दोनदा पायला. तिरंग्यात गुंडाळून आणतात त्याले."

मागे बसलेल्या कौशल्याबाई, परतवाड्याला लेकीकडे जाणाऱ्या, हसल्या. "मादेवराव, तुमी पण शकुनवहिनीसारखे शेवट सांगायले लागले."

मला राग आला. शकुन मनानं सांगायची, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्हीत फरक आहे. 

दोन भावांच्या सिनेमाला मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो. चष्मा पुसून बसलो. धाकटा भाऊ पुरात वाहून जातो. मग झेंडूचा मळा दिसला. मळ्याच्या कडेला धुऱ्यावर पेरूचं झाड, त्याची एक फांदी वाळलेली. घराबाहेर निळी टाकी. टाकीपुढे पाय धुवायचा दगड, त्याचा एक कोपरा तुटलेला.

तो कोपरा मी तोडला आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना.

धाकटा भाऊ पाठमोरा आला, त्या दगडावर उभा राहिला आणि पाय धुतले. तोंड काही दाखवलं नाही. मुंबईचा हिरो, पण बोलला आमच्यासारखं. "भाकर हाये का?"

मी तडक बाहेर आलो. दारावर नत्थुजी असतो. तो आम्हाला पहिल्यापासून ओळखतो. शकुन त्याला दर वेळी झेंडूचं एक फूल द्यायची, तो ते तिकिटाच्या खिडकीवरच्या देवाच्या फोटोला लावायचा.

"मॅनेजर कुठं हाये?" मी म्हणालो. "आमच्या मळ्यात शूटिंग केली या लोकायनं. मले विचारलं नाई. माणसाच्या घरात घुसून फोटो काढतात, ही कोणती रीत?"

"कोणत्या सिनेमात?"

"आतमध्ये चालू होता त्याच्यात. शेवटाले."

नत्थुजी गोंधळला. "शेवट तुमी पायलाच कुठं? अडीचच्या आधीच गेले ना तुमी. मीच दाराचा पडदा उचलला."

"मी आता बाहेर येऊन राहिलो, तुमच्यासमोर."

"मंग काही विसरलं असन, म्हून परत आले असान." तो माझ्या मागे आत पाहायला लागला. "वहिनी कुठं थांबल्या?"

मी त्याला सांगितलं की ती जाऊन चार वर्षं झाली. जरा जोरातच सांगितलं. माणसानं दारावर बसायचं तर कोण येतं कोण जातं एवढं तरी पाहावं. तो खिडकीकडे पाहत राहिला. देवाच्या फोटोला झेंडूचं फूल होतं. ताजं होतं. मी ते पाहिलं आणि निघालो. बाजारात झेंडू कोणीही विकत घेऊ शकतं.

ही गोष्ट गजेंद्रच्या कानावर गेली. कुंदनशिवाय कोण सांगणार? रविवारी गजेंद्र आला, म्हणाला, "चला बाबा, मी येतो तुमच्यासंगं. दोघं मिळून पाहू."

बसलो शेजारी शेजारी. पूर आला, धाकटा वाहून गेला. आमच्या आजूबाजूला बाया रडायला लागल्या. मळा दिसला, टाकी दिसली, तो आला. पाय धुतले.

"पायलं?" मी गजेंद्रला म्हणालो.

"पायलं."

"घरी आला ना?"

"बाबा, त्याले जाळून राहिले ना तिकडे. मोठा भाऊ अग्नी देऊन राहिला."

मी पडद्यावर बोट दाखवलं. "तो पेरू कोणाचा हाये मंग? ती टाकी? दगडाचा कोपरा तुटला हाये, दिसत नाई तुले?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाबा, तुमी सांगता ते आपलं घर हाये."

"तेच तर सांगून राहिलो! न विचारता काढलं."

बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला, लहान पोराला पाजतात तसा, आणि म्हणाला की दिवाळीची वाट पाहायची नाही. येत्या रविवारी गाडी आणतो, सामान भरून ठेवा, दाराला कुलूप लावू. मी म्हणालो, तू बापाला खोटं पाडतोस. तो म्हणाला, "मी तुमाले एकटं नाई ठेवत, बस." रस मी अर्धा टाकला.

तिसरा सिनेमा पाहायचा नव्हता. पण गजेंद्रची बायको रागिणी फोनवर म्हणाली, "बाबा, दवाखान्याचा एक लागला हाये. चांगला हाये, पण तुमी नका पाहू. आई मरते त्यात. मैत्रिणी सगळ्या रडत आल्या."

पाहू नका म्हणजे काय? मी काय पाहावं हे यांनी ठरवायचं, शकुनचं तोंड पाहू नये हेही यांनीच ठरवलं होतं. शनिवारी गेलो. एरवी दार नुसतं लोटून जायचो, त्या दिवशी रागात घराला कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात ठेवली, बाराचा खेळ गाठला.

नत्थुजीनं तिकीट फाडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या शेजारी पाहिलं आणि थोडा बाजूला सरकला, दोघं जातील एवढी वाट करून.

सिनेमा रटाळ आहे. पाहू नका. डॉक्टरची कामं करणारी पोरं नुसती पळतात. आई खाटेवर, तोंडावर नळी. अडीचच्या सुमारास मला उठावंसं वाटलं. पायांना सवय आहे. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

मग आई खाटेवरून उठली.

तिनं नळी काढून उशीवर ठेवली. पदर खोचला. हिरवं लुगडं, जांभळ्या काठाचं. शकुनला नेलं तेव्हा तेच अंगावर होतं. ते परत दिलं नाही आम्हाला.

ती चालत गेटाबाहेर आली. कोणी अडवलं नाही. जीपमध्ये बसली. आमच्या फाट्यावर उतरली, झेंडूतून वाट काढत आली. सगळा वेळ पाठ. टाकीचं झाकण काढलं. पाय धुतले.

दाराला कुलूप होतं.

ती कुलपापुढे उभी राहिली. काही विचारलं नाही. कोणाला विचारणार? तशीच उभी राहिली, आणि सिनेमा पुढे सरकेना. मला वाटलं, मशीन अडकलं. मी ओरडलो, कोणीतरी शूऽऽ केलं. ती मान वळवायला लागली.

दिवे लागले. लोक डोळे पुसत उठत होते.

कुंदन नेहमीप्रमाणे पाचला निघाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "काकाजी, आज शेवट नाई सांगत?"

"झाला नाई अजून."

फाट्यावर उतरलो तेव्हा सूर्य बुडत होता, उजेड होता. झेंडूच्या दोन ओळींमधून कोणीतरी गेलं होतं. पायवाट सोडून माणसं तिथून जात नाहीत, फुलं तुटतात. शकुन जायची. मी रोज ओरडायचो.

टाकीचं झाकण खाली ठेवलेलं होतं. दगड ओला होता. दगडापासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. परत फिरल्याचे नव्हते.

कुलूप जसं लावलं होतं तसंच होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी हात घालून पाहिली.

आणि आत भाकर थापत होतं कोणीतरी.

तो आवाज मला कोणी सांगायला नको. परातीवर हात पडतो, मधेच थांबतो, पीठ घेतो, परत पडतो. चुलीचा धूर कौलांतून निघत होता.

मी कुलूप उघडलं नाही. का उघडलं नाही ते मला सांगता येत नाही. तिच्या शेवटात कोणी कुलूप उघडत नसे. मी टाकीजवळ गेलो, तांब्या बुडवला, तुटक्या कोपऱ्याच्या दगडावर उभा राहिलो आणि पाय धुतले. पाणी गार होतं. दाराकडे तोंड केलं. गजेंद्र उद्या गाडी घेऊन येणार होता.

"भाकर हाये का?" मी विचारलं.

थापण्याचा आवाज थांबला.

कुलूप समोर तसंच लटकत होतं. आत जमिनीवर एक ताट ठेवल्याचा आवाज आला. मग त्याच्या शेजारी दुसरं.