हरणाच्या हाकेला ओ

धुक्यात तरलानने कंदिलाची काच तोंडाला लावली आणि माजावर आलेल्या नर हरणासारखी घोगरी साद घातली. इराणमधल्या गोलेस्तानच्या डोंगरात शरद उतरला होता. पहाटेपासून नर हरणं एकमेकांना आव्हानं देत होती. काचेची ही खुबी तिला बाबांनी शिकवली होती.

समोरून उत्तर आलं. जाड, रागीट... अगदी जवळून!

तिने पुन्हा साद दिली. उत्तर आणखी जवळ आलं. सुकी पानं करकरली. दुर्बीण उचलायचंही तिला सुचेना. झुडूप हललं आणि बाहेर आला — रांगत, हातात पोकळ शिंग धरलेला एक तरुण!

दोघंही किंचाळली.

“तुम्ही... हरीण नाही?” तो म्हणाला.

“मी तुम्हाला हरीण दिसते?”

“अहो, अर्धा तास भांडतोय मी तुमच्याशी! वहीत लिहूनसुद्धा टाकलं — म्हातारा नर, आवाज बसलेला.”

“म्हातारा?”

तो राष्ट्रीय उद्यानाचा रक्षक होता, आयदोग्दी नावाचा. हरणांची मोजदाद करत होता. “पाहुण्यांनी अशी साद घालायची नसते. ती काच द्या इकडे.”

ती भांडणार, तेवढ्यात मागून तिसरी साद आली. ती दोघांपैकी कुणीच घातली नव्हती.

त्याने तिची बाही धरून तिला आडव्या पडलेल्या खोडामागे ओढलं. धुक्यातून नर आला. भिजलेला, शिंगांत तुटलेल्या वेली अडकलेल्या. दहा हातांवर थांबून त्याने थेट त्यांच्याकडे पाहिलं... आणि उतारावरून निघून गेला. तरलानने श्वास सोडला, तेव्हा तिला दिसलं — बाही अजून त्याच्या मुठीत होती आणि मूठ थरथरत होती.

“रक्षक असून हरणाला घाबरता?”

“हरणाला? छे...” त्याचे कान लालबुंद झाले.

पुढचे चार दिवस ती रोज सकाळी वर आली, त्याने जप्त केलेली काच परत घ्यायला म्हणून. तो ती रोज चौकीतच विसरायचा. मग दोघं कड्यावर बसून पिवळ्या पडलेल्या दरीत रानडुकरं शोधायची.

“आयदोग्दी म्हणजे ‘चंद्र उगवला’ ना? मग दिवसाढवळ्या इथे कसे?”

“मावळावंसं वाटत नाही.”

पाचव्या दिवशी ती मावशीबरोबर इस्फहानला परतणार होती. त्या सकाळी तो आलाच नाही. ऊन वर येईपर्यंत तिने वाट पाहिली आणि खाली आपल्या तंबूकडे आली. तिथे ती थबकली.

फरंगीसमावशीच्या सतरंजीवर आयदोग्दी बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, मान खाली घालून. शेजारी फुलाफुलांची शाल घेतलेली त्याची आई.

“हीच का? बस, पोरी. चार दिवस हा स्वतःच्या चहात मीठ घालतोय आणि घोड्याला साखर चारतोय. आता माझा मुलगा मला परत करा, नाहीतर मुलगी द्या!”

मावशीच्या हातातलं किटलीचं झाकण खणकन पडलं. “अहो, पण तुम्ही तुर्कमेन, आम्ही इस्फहानचे... हिच्या बापाला काय सांगू मी?”

“आई! नुसती ओळख करून देतो म्हणालो होतो ना!” आयदोग्दीचा आवाज चिरकला.

“गप्प बस. तुझ्या भरवशावर राहिले असते तर दहा वर्षं गेली असती.” मग ती मावशीकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “घाई नाही. विचार करा. पुढच्या शुक्रवारी कळवा.”

“शुक्रवारपर्यंत कशाला? बाबांशी मी आजच बोलते,” कुणीतरी म्हणालं.

मावशी वळून बघायला लागली. आयदोग्दीची मान झटकन वर आली. सगळे आपल्याकडेच का बघताहेत, हे तरलानला क्षणभर कळेना... आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.