उमेझिबा

"ट्रॅक्टर पुढं, ट्रॉली मागं," शिवप्पा म्हणाले. "स्वाहिलीचं क्रियापद असंच जोडायचं. 'म्ती उमेआंगुका', झाड पडलंय. उ म्हणजे ते झाड, मे म्हणजे झालंय, आंगुका म्हणजे पडणं. आता विहीर घ्या. किसिमा."

"किसिमा उमेकाउका?" मच्छिंद्रनं विचारलं.

"विहिरीला झाडाचा ट्रॅक्टर लावलास व्हय? किसिमाला 'कि'. किसिमा किमेकाउका, विहीर आटलीय."

"आपल्या गावाला हे एकच वाक्य पुरंल," शिवकांता म्हणाली. सगळे हसले.

शिवप्पा आफ्रिकेतल्या साखर कारखान्यात फिटर होते, आता ढोकीच्या कारखान्यात. सुट्टीत रोज त्यांच्या ओट्यावर ही शाळा भरायची. त्यांच्या मुलीला, महादेवीला, सगळं यायचं. पण मित्रमैत्रिणींसमोर त्या भाषेत बोलायची तिला लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी गावच्या हौदात पाणी आलं नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं हौदात यायचं. महादेवीचे अप्पा, शिवप्पा, पाट बघायला गेले आणि उन्हात कोसळले. बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा अर्धं अंग लुळं पडलं होतं. मराठी गेली होती. एकच शब्द उरला होता, "उमेझिबा."

सरपंच आबाराव त्यांच्यावर वाकले. "उमाजीबा म्हणतायत. हौदाच्या राखणदारानंच पाणी तोडलं. आजपासून त्याला काढा."

"या गुडघ्यांनी म्या पाटापत्तूर तरी जातोय का?" म्हातारे उमाजीबा पुटपुटले.

"काका, ते नाव न्हाय," महादेवी म्हणाली. "उ-मे-झिबा. झिबा म्हणजे तुंबणं. काहीतरी तुंबलंय."

"काय तुंबलंय?"

"विहीर असती तर 'कि' म्हणाले असते. उ लागतो झाडाला, अन्..." ती थांबली. "अन् म्फेरेजीला. पाटाला!"

"पोरांचे खेळ," आबाराव म्हणाले.

महादेवी, शिवकांता आणि मच्छिंद्र पाटाच्या कडेनं पळत सुटली. गाडीवाटेपाशी मच्छिंद्र थबकला. "या दुष्काळात हिरवं गवत?"

पाणी पाटाबाहेर पडून ओढ्यात चाललं होतं. वाटेखाली, मातीत दडपलेली मुरमाची पोती होती. तिघांनी ती ओढून काढली. पाणी खळाळत गावाकडं निघालं.

एक पोतं त्यांनी हौदापाशी आणून टाकलं. आबारावांनी ते उलटून बघितलं.

"माझंच हाय. उसाची ट्रॉली पलीकडं न्यायला पाटात पोती टाकली. काढायची राह्यली." ते उमाजीबांकडं वळले. "चुकलो, बाबा."

"पोरीनं वाचवलं मला," उमाजीबा म्हणाले. "शिवप्पाची पोर हाय, लई हुशार."

महादेवी घरी येऊन खाटेपाशी बसली. शिवकांता आणि मच्छिंद्र दारातच उभे होते. "उमेझिबा," अप्पा पुन्हा म्हणाले.

तिनं त्यांचा हात धरला. नि म्हणजे मी. मे, झालंय. कु, तुम्हाला. एलेवा, समजणं. सगळ्या ट्रॉल्या जोडून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"निमेकुएलेवा, अप्पा. तुमचं मला समजलं."