भुकेली भिंत

औषधं निकामी झाली त्या वर्षी लोकांनी अंगणातले गुलाब उपटून टाकले. काटा रुतायचा, जखम चिघळायची आणि धडधाकट माणूस आठवड्यात जायचा. जंतू सगळ्या प्रतिजैविकांना पुरून उरले होते. बायका भाजीसुद्धा जाड हातमोजे घालून चिरत, आणि बाळंतपण जवळ आलं की घरात सुतकी शांतता पसरे.

अशा काळात टेकडीवरचं बंद पडलेलं रुग्णालय पाडायला यंत्र फाटकाशी येऊन उभं राहिलं. खाली पत्र्याच्या शेडमध्ये पुरात गाव गमावलेली माणसं राहत होती. रुग्णालयाच्या जागी त्यांची नवी घरं व्हायची होती. आबा हुलवळे या माणसांचे पुढारी. त्यांची सून कल्याणी पहिलटकरीण. आणि नेमक्या त्याच सकाळी डॉ. तांबवेकर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाई, बाजूला व्हा. सुनंचं बाळंतपण चिखलात करू व्हय?" आबा कडाडले.

"आबा, तुम्ही इथे राखणीला झोपायचात तेव्हा पायाला पत्रा कापला होता ना? ती जखम कशी बरी झाली?"

त्याचं श्रेय आबांनी कधीच गावदेवी जाखाईला देऊन टाकलं होतं. नवसाचा नारळही फोडून झाला होता.

बाईंनी भिंतीवर हात ठेवला. "रोगाच्या जंतूंना खाणारे त्यांच्याहून बारीक विषाणू असतात. मी त्यांना भक्षू म्हणते. माणसाला ते काही करत नाहीत. इथे पिढ्यान् पिढ्या रोगी खोकले, कण्हले. त्यांचे जंतू या गिलाव्यात मुरले आणि त्यांच्यावर भक्षू पोसले गेले. जंतू बदलला की भक्षूही बदलतो, औषधाला ते जमत नाही. प्रयोगशाळेत नेले तर मरतात. पाडकामात तर धुळीबरोबर जातील. घरं याच भिंतींत करा."

आबांनी यंत्र परत पाठवलं. वॉर्डांत आडभिंती घालून घरं झाली. पोरांचे फुटलेले गुडघे आपोआप वाळू लागले. लोकांनी भिंतीला हळदकुंकू वाहिलं आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

मग एका दुपारी बाई तपासणी करून उतरल्या चेहऱ्याने आबांकडे आल्या.

"भक्षू संपत चाललेत. इथे आता कुणी आजारीच नाही. ते खाणार काय?"

"म्हंजी कुनीतरी आजारी पडाय पायजे?"

"आजारी राहायला हवं. भिंतीला टेकून. नाहीतर कल्याणीच्या बाळंतपणापर्यंत ही नुसती भिंत उरेल." बाईंना स्वतःच्याच बोलण्याची शिसारी आली. "असं करा म्हणत नाही मी. आहे ते सांगितलं."

चौकात बैठक बसली. बुडालेल्या गावात जाखाईचा दिवा विझू नये म्हणून घरटी महिनाभर तेलाची पाळी असे. "दिव्याला लावत हुतो तशी पाळी लावा की," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं. इतकं भयंकर काम इतक्या ओळखीच्या रिवाजात बसलं की त्याचं भयच गेलं. पहिली पाळी आबांनी घेतली. पायाची जुनी जखम उघडून त्यांनी तिच्यावर शेजारगावच्या एका रोग्याची पुवाने भिजलेली पट्टी बांधली आणि खाट भिंतीला लावली.

कल्याणी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आबा तापाने फणफणले होते, तरी बारशात हसले.

महिना सरला. दुसरी पाळी सुताराच्या घरची, तर त्यांच्या मंगलचं लग्न निघालं. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "आबांची जखम मुरल्याली हाय, नवी कशाला?" वाईट कुणीच नव्हतं. सणाला पहिलं ताट आबांच्या खोलीत जाई, पोरं त्यांच्या पाया पडून शाळेत जात. पाळीचं नाव मात्र कुणी काढेना. अशा चांगल्या माणसांचीच भीती वाटते.

भिंत बिचारी आबांनाही बरं करायला बघे. जखम भरत येई आणि भिंतीचा घास तुटे.

असं वर्ष गेलं. एके दिवशी कल्याणी लेकीला कडेवर घेऊन खोलीत आली. दुसऱ्या हातातल्या ताटलीत पातं आणि रोग्याची पट्टी होती.

"मामंजी, खपली धरलीया."

"दिसतंय की."

"सुताराची मंगल बाळंतपणाला आलीया. कवाबी मोकळी हुईल."

आबांनी नातीकडे पाहिलं. ती भिंतीवर थापट्या मारत खिदळत होती. त्यांनी पाय पुढे केला.

"हळू काढ गं, पोरी."

कल्याणीने लेकीचं तोंड पलीकडे वळवलं आणि पातं उचललं.