पट्टा आधी जोडा, मग कापा

लिफ्टचं दार बंद होता होता फटीत एक बूट शिरला, आणि बुटामागोमाग बुटाचा मालक. दार दचकून पुन्हा उघडलं. आत एक तरुणी उभी होती. दोन्ही काखांत लहान मुलांच्या दोन कार सीट, हनुवटीखाली दाबलेली फाईल, आणि चेहऱ्यावर आज कुणाशी तरी भांडायचंच असा शांत निश्चय.

"कितवा मजला?" त्याने विचारलं.

"जिथे गोड बोलून नाही म्हणतात तो."

"म्हणजे चौथा." त्याने बटण दाबलं. "पाचव्यावर गोड बोलत नाहीत."

तिला हसू आलं. पण हनुवटी हलली असती तर फाईल पडली असती. म्हणून ती नुसत्या डोळ्यांनी हसली. समोरच्या माणसाला हे हसणं फार महागात पडतं, पण लिफ्टमध्ये त्याची सूचना लावलेली नव्हती.

"एक सीट मी धरू का?"

"नको. पुरावा आहे."

"कशाचा?"

"तेच तर चौथ्या मजल्याला कळत नाहीये."

चौथा मजला आला. ती विमा कंपनीच्या दारातून आत गेली, तोही गेला. तिने एका टेबलासमोर सीट ठेवल्या, आणि तो त्याच टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. टेबलावरच्या पाटीवर 'सर्व्हेअर' असं लिहिलेलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली.

"अगदी तसं नाही," तो म्हणाला, "पण बसा."

घडलं होतं ते असं. ती बॅगा शिवायची. स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. घरात वडील, भाऊ, वहिनी आणि भावाची जुळी मुलं – थोरला आणि धाकटी. दोघं हिला आत्या म्हणत, त्यामुळे हळूहळू शेजारी, दूधवाला आणि बँकेतला कारकूनही तिला आत्याच म्हणू लागले होते. रोज सकाळी आत्या आपल्या गाडीतून जुळ्यांना बालवाडीत सोडायची. मागच्या सीटवर मारामारी, गाणी, शेंगदाणे, सगळं एकदम चालायचं, आणि आत्याचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. मग एका सकाळी, वळण्यासाठी गाडी हळू केलेली असताना पाण्याच्या टँकरने मागून ठोकलं. डिकी चेपली. मुलांना खरचटलंही नाही, उलट धाकटीने "पुन्हा एकदा!" अशी मागणी केली.

वहिनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मुलांना कडेवर घेतलं आणि म्हणाली, "नव्या सीट येऊ देत. मग बघू."

या 'बघू'ने आत्याची झोप उडाली. मुलं बसने जाऊ लागली. आत्या दुरुस्त झालेल्या गाडीतून एकटीच वर्कशॉपला जाऊ लागली. गाडी इतकी शांत की इंजिनाचा आवाज ऐकू यायचा. त्यातच परवा धाकटी म्हणाली होती, "आत्या, बस तुझ्या गाडीपेक्षा मोठी आहे." प्रेम असंच हातचं जातं, आधी वाहन बदलतं. नव्या सीट विकत घ्यायला आत्या दुकानात गेलीही होती, पण किंमत ऐकून तिने बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी मागितलं. म्हणून आता विमा कंपनी.

सर्व्हेअरने सीट उलटसुलट केल्या, अंगठ्याने दाबल्या, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढले. मग त्याचा हात थांबला.

"हे पट्टे टँकरने कापले?"

"बाबांनी."

"का?"

"सीटबरोबर पुस्तिका येते ना, त्यात लिहिलंय – अपघातात गाडीत असलेली सीट पुन्हा वापरू नका. बाहेरून ठणठणीत दिसली तरी आतून दुबळी झालेली असते. दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून पट्टे कापून टाका. बाबांनी वाचलं, आणि कापले."

"त्यांनी पुस्तिका वाचली?"

"मुखपृष्ठापासून. कारखान्याच्या पत्त्यापर्यंत."

सर्व्हेअरने स्टीलची पट्टी खाली ठेवली. त्याच्या सबंध नोकरीत असा ग्राहक त्याला भेटला नव्हता. "अडचण अशी आहे," तो म्हणाला, "टँकरने सीटला काही झालेलं दिसत नाही असं कंपनी म्हणेल. आणि जे झालेलं दिसतंय ते तुमच्या वडिलांनी केलंय, हेही कंपनीच म्हणेल."

"मग विमा बाबांपासूनच काढायला हवा होता."

"तशी पॉलिसी निघाली तर पहिली मी घेईन. माझेही वडील निवृत्त आहेत."

तरी तो उठला, पुस्तिका मागून घेतली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. आत बराच वेळ आवाज येत राहिले. बाहेर आला तेव्हा विजयी सेनापतीचा चेहरा आणि पराभूत सेनापतीची चाल, असा प्रकार होता.

"सीट बदलून द्यायला साहेब तत्त्वतः तयार आहेत."

"आणि तत्त्व सोडून?"

"नियम आहे. जुनी सीट पुन्हा वापरात येऊ नये म्हणून तिचे पट्टे साहेबांसमोर कापायचे. तुमचे आधीच कापलेले आहेत. कापलेला पट्टा कापता येत नाही."

"मग?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "साहेब म्हणतात, आधी जोडून आणा. मग कापू."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा वरच्या पातळीवर झालेली होती.

"मी बॅगा शिवते," ती म्हणाली. "जोडायला मला काही वाटणार नाही. पण बाबांनी प्रत्येक पट्टा तीन-तीन ठिकाणी कापलाय. त्यांना अर्धवट काम आवडत नाही."

"मला... जोडकामावर देखरेख ठेवावी लागेल," सर्व्हेअर म्हणाला. असा कुठलाही नियम नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉपवर आला. कॅनव्हासचा आणि मशीनच्या तेलाचा वास, भिंतीवर टांगलेल्या अर्ध्या बॅगा, आणि पत्र्याच्या छपरावर बारीक पावसाची टिपटिप. कोपऱ्यात आजोबा, म्हणजे आत्याचे बाबा, पुस्तिका मांडीवर घेऊन निषेध म्हणून बसले होते.

"पान चौदा," ते म्हणाले. "कापलेला पट्टा कोणत्याही परिस्थितीत जोडू नये."

"आजोबा, परत कापायचाच आहे," सर्व्हेअर म्हणाला.

"मग जोडता कशाला?"

याचं उत्तर पान चौदावर नव्हतं, आणि चौथ्या मजल्यावरही नव्हतं.

पट्टे जाड होते. दोन्ही टोकं ताणून धरल्याशिवाय सुई नीट चालेना. सर्व्हेअरने कोट काढून ठेवला आणि ताणून धरायला बसला.

"अंगठा आत घ्या. शिवला जाईल."

"इतका?"

"आता फार लांब गेला. पट्टा सैल पडला... हां, असा."

मशीन धडधडलं. तिच्या केसांची बट सुईपर्यंत येत होती. ती फुंकर मारून मागे सारायची आणि ती पुन्हा पुढे यायची. सर्व्हेअर पट्ट्याकडे पाहत होता. म्हणजे, पट्टा ज्या बाजूला होता त्या बाजूला.

"तुम्हाला काय म्हणायचं?" त्याने विचारलं.

"सगळे आत्याच म्हणतात."

"ते मला जमणार नाही."

सुई थांबली. पावसाचा आवाज एकदम मोठा वाटला. आजोबांनी पुस्तिकेचं पान उलटलं, जरा जोरातच.

"मग काहीच म्हणू नका," ती म्हणाली, "नुसतं 'अहो' म्हणा... नको, तेही नको!" आणि तिचे कान लाल झाले. सर्व्हेअर गंभीर राहिला. गंभीर राहण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी येऊ लागला. खरं तर इतके पट्टे एक-दोन संध्याकाळींत शिवून झाले असते, पण दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती. तिने त्याला शिवण कशी उलटी मारून पक्की करायची ते शिकवलं. त्याने तिला सांगितलं की तो दिवसभर इतरांचं मोडलेलं पाहत हिंडतो, आणि काही जोडलं जाताना पाहायची त्याला सवयच नाही. हे तो सहज बोलून गेला. तिला मात्र त्यानंतर एक शिवण दोनदा उसवावी लागली.

शेवटी पट्टे जोडून झाले, आणि दोघं सीट घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी शिवण पाहिली, "उत्तम, अगदी अखंड," म्हणाले आणि ड्रॉवरमधून कात्री काढली. एखाद्या पुलाचं उद्घाटन असावं तसा त्यांचा चेहरा झाला. कात्री उघडली. मग त्यांना नियम आठवला.

"नेहमीचं विचारून घेतो," ते सर्व्हेअरला म्हणाले. "ग्राहकाशी नातं?"

"नाही."

"देणंघेणं?"

"नाही."

"वैयक्तिक हितसंबंध?"

या प्रश्नाला आजवर चौथ्या मजल्यावर कुणी थांबलं नव्हतं. सर्व्हेअर थांबला.

"आहे," तो म्हणाला.

"कसला?"

"अजून त्यांना विचारलेलं नाही."

साहेबांनी कात्री मिटली. हितसंबंध असलेल्या माणसाची पाहणी ग्राह्य नसते. प्रकरण दुसऱ्या सर्व्हेअरकडे जाणार, आणि तो काय म्हणेल ते म्हणेल.

बाहेर व्हरांड्यात आत्याने दोन्ही सीट जमिनीवर आपटल्या.

"आत्ता? आत्ताच सांगायचं होतं? कात्री उघडली होती हो त्यांनी!"

"त्यांनी आत्ताच विचारलं."

"एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"म्हणता आलं असतं. पण मग तुमच्याबद्दल मी बोललेली पहिली गोष्ट खोटी असती," तो म्हणाला. "तिथून सुरुवात करावीशी वाटली नाही."

"मुलं बसने जातायत," ती म्हणाली. "मला ती परत हवी आहेत. माझ्या गाडीत. तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"तरी?"

"तरी."

तिने दोन्ही सीट काखेत मारल्या. त्याने एक धरू का असं विचारलं नाही. ती जिन्याने गेली.

दुसरी सर्व्हेअर एक बाई निघाली, निवृत्तीला टेकलेली. अशा माणसाला कुणाचीच भीती नसते, पेन्शन अडण्याचीही नाही. ती थेट घरीच आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "टँकर होता? मुलं बसलेली होती यात?"

"हो."

"मग बदला की. यात बघायचं काय?"

"पण साहेब–"

"साहेब कामाला लागला तेव्हा कागद कुठल्या बाजूने पंच करायचा हे मी दाखवलंय त्याला." तिने पट्टा हातात घेतला. "शिवलंय छान. दोघांचे हात दिसतात. एकाचा कसलेला, दुसऱ्याचा नुसता हौशी." आत्याने एकदम जमिनीकडे पाहिलं. बाईंनी पर्समधली कात्री आजोबांच्या हाती दिली. "काका, तुमच्याइतकी काळजी आमच्या अख्ख्या ऑफिसने घेतलेली नाही. कापा तुम्हीच."

आजोबांनी प्रत्येक पट्टा चार ठिकाणी कापला.

नव्या सीट आल्या. वहिनीने प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, सीट हलवून पाहिली, आणि ती हलेना तेव्हा गाडीच हलवून पाहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून ने त्यांना. बसमध्ये धाकटी रोज एकेकाला विचारते, माझी आत्या कुठाय म्हणून. मला सांगायला लाज वाटत होती."

आत्याने वहिनीच्या गळ्यात हात टाकले. वहिनीने थोडा वेळ टाकू दिले, आणि मग कानात विचारलं, "त्या 'आहे' म्हणणाऱ्याचं काय केलंस?"

"काय करायचंय? त्याच्यामुळे मुलं आणखी कितीतरी दिवस बसने गेली."

"गेली. चिडलेच होते मी. पण जो माणूस सोयीचं असूनही खोटं बोलला नाही, त्याला मी माझ्या मुलांबरोबर गाडीत बसू देईन." वहिनी सरळ उभी राहिली. "म्हणून मघाशी फोन केला त्याला. उद्या सकाळी येतोय."

"वहिनी!"

"ओरडू नकोस, मुलं झोपलीत."

सकाळी तो फाटकाशी उभा होता, बूट नको तितके चकचकीत. जुळे मागे बसले, पट्टे लागले, वहिनीने पुन्हा ओढून पाहिले. तो पुढे बसला आणि काही न बोलता त्याने स्वतःचा पट्टा लावला. गाडी निघाली. मागे मारामारी, गाणी आणि शेंगदाणे सुरू झाले.

"तुम्ही त्या दिवसानंतर काही बोलला नाहीत," तो म्हणाला.

"मी गाडी चालवताना बोलत नाही."

"मग... थांबू या कुठेतरी?"

"मुलांना उशीर होईल. सिग्नल लागला तर बघू."

त्या सकाळी शहरातले सगळे सिग्नल हिरवे होते. पहिला हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा तर ते येताना पाहूनच हिरवा झाला. गर्दीला शिव्या देत आयुष्य काढलेला तो माणूस मनोमन ट्रॅफिक जॅमसाठी प्रार्थना करू लागला. बालवाडीच्या आधीचा शेवटचा चौक दिसला, तोही हिरवा. गाडी जवळ गेली आणि दिवा पिवळा झाला.

निघता आलं असतं. शेजारची स्कूटर निघाली, पुढची भाजीची गाडीही निघाली. आत्याने आरशात मागे कुणी नाही ना ते पाहिलं, हलकेच ब्रेक दाबला, आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभी राहिली. दिवा लाल झाला.

ती समोरच पाहत होती.

"संध्याकाळी वर्कशॉपवर या," ती म्हणाली. "शिवायला काहीच उरलेलं नाही... तरी या."

"हिरवा!" मागून जुळे एका आवाजात ओरडले. "आत्या, हिरवा झाला!"

पण गाडी थोडा वेळ तिथेच उभी होती.